घंटेची जीभ

दुधनेच्या काठी आमची मंडळी,
नोंदवहीत एकशे चौदा नावं.
वही माझ्याकडे असते म्हणून सांगतो :
सोळा वर्षांपूर्वी त्या नावांच्या मधोमध
लाल शाईनं रेघ मीच ओढली.

भांडण कशाचं म्हणाल
तर पाळकगृहाच्या पत्र्यांचं. बावीस पत्रे.
कुणी म्हणे विकले, कुणी म्हणे वाऱ्यानं नेले.
वारा काही कोर्टात आला नाही.
एका गटाकडं किल्ल्या राहिल्या,
दुसऱ्यानं रातोरात मनोऱ्यावर चढून
घंटेची जीभ काढून नेली.

तेव्हापासून किल्लीवाले नऊला, आत, मुक्या घंटेखाली.
जीभवाले अकराला, बाहेर कडुलिंबाला टांगलेला
रुळाचा तुकडा बडवून.
प्रार्थना तीच. चालसुद्धा तीच.
'हे आमच्या बापा' असं दोघंही म्हणायचे,
आणि बाप दर रविवारी वाटून घ्यायचे,
वेगळे निघालेले भाऊ म्हाताऱ्याला
महिनावारी जेवू घालतात तसा.

यंदा ठरलं, संजीवन सभा घ्यायची. एकत्र. तीन रात्री.
जालन्याहून मंडप, पुण्याहून वक्ते.
पत्रिकेत कुणाचं नाव वर
यावर पाच बैठका झाल्या.
पहिल्या रात्री वक्त्यांनी घाम गाळला.
दुसऱ्या रात्री लोक रडले,
डावीकडचे डावीकडं, उजवीकडचे उजवीकडं.
तिसऱ्या रात्री डीपी जळाला.

माईक मेला. पंखे थांबले.
वक्ते दोन वाक्यं तसंच बोलले, मग तेही थांबले.
"लाईट येऊस्तोर बसायचं का जायचं?"
कुणीतरी विचारलं, कुणी उठलं नाही.
अंधारात मधली वाट दिसत नव्हती.
माझ्या शेजारी एक खोकला येऊन बसला,
ओळखीचा.
यहेज्केल पाटोळे. त्याच्याविरुद्ध मी साक्ष दिली होती.
मी सरकलो नाही. त्यानं नुसतं
पाण्याची बाटली माझ्या गुडघ्याला टेकवून ठेवली.

तेवढ्यात रिबकाबाई दुशिंग उठली,
अनवाणीच घरी गेली,
आली ती पदरात काहीतरी जड घेऊन.
"घ्या बा ही.
मालकानं आणली होती, ते तर गेले.
सोळा साल मी हिच्यानं ठेचा कुटला.
फेकायचं जिवावर यायचं,
अन् परत द्यायला तोंड नव्हतं."

कुणी हसलं नाही.
जीभ हातोहात पुढं सरकली,
कुणाच्या हातून कुणाच्या, ते अंधाराला ठाऊक.
माझ्याकडं आली तेव्हा गुळगुळीत झाली होती,
लसणाचा वास, मिरचीचा वास.
त्याच हातानं मी डोळे पुसले.
झोंबले.
पाटोळेचेही झोंबले असावेत,
निदान कारण त्यानं तेच सांगितलं.

त्याची नात वर चढली, दातात बाइंडिंग वायर धरून.
खालून दोन्ही गटांचे मोबाइल
तिच्या पायांवर उजेड धरून उभे.
साडेअकराला घंटा वाजली.
गावात कुत्री उठली. मग माणसं.
रात्रीची घंटा म्हणजे मयत,
एवढं सगळ्या आळ्यांना माहीत.
रहीमचाचा कंदील घेऊन धावत आले :
"कोण गेलं?"
आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो.
काय सांगणार!

बावीस पत्र्यांचा हिशोब अजून लागलेला नाही.
खजिनदार दोन आहेत.
नवी वही आणलीय, पहिल्या पानावर रिबकाबाई लिहिलं,
दुसरं नाव कुणाचं, इथं पेन अडलंय.
घंटा आता दहाला वाजते. जरा बसकी.
कुटून कुटून जीभ एका अंगानं झिजलीय,
सूर लागत नाही, असं पेटीवाला शांतवन म्हणतो,
बदलून घेऊ म्हणतो.
बायका नको म्हणतात.
पाटोळे अजूनही उशिरा येतो.
त्याची जागा धरून ठेवावी लागते.